वीतभर घसरण

"अहो, मध्येच का थांबलात?" सुमिएनं मागच्या सीटवरून विचारलं.

जपानमधल्या सेंदाईतल्या त्या बर्फाळ चढावर बस अर्ध्यात उभी होती आणि ड्रायव्हर कुमागाईंचा पाय ब्रेकवरून हलत नव्हता. वीस हिवाळे त्यांनी खिळ्यांचे टायर लावलेली बस चालवली होती. खिळे बर्फात रुतताना करकर वाजायचे आणि पकड आहे हे कानालाच कळायचं. बर्फ वितळला की तेच टायर कोरड्या रस्त्यावर झिजायचे, रस्ताही खरवडायचे आणि गावभर काळी धूळ उडायची. त्या धुळीनं त्यांच्या बायकोची, सुमिएची, छाती पार खराब झाली होती. आज पहिल्यांदाच एका बसचे खिळेवाले टायर काढून बिनखिळ्यांचे लावले होते, म्हणून तीही हट्टानं येऊन बसली होती. "घसरली तर उद्या पुन्हा खिळे," असं डेपोच्या शोजीसाहेबांनी बजावलं होतं.

मघाशी चढावर करकर ऐकू आली नव्हती. बस घसरतेय असं वाटून कुमागाईंनी कचकन ब्रेक मारला होता, आणि मग ती खरोखरच वीतभर मागे सरकली होती.

"आवाज नाही म्हणून घाबरलात ना?" सुमिए म्हणाली. "घरीसुद्धा मी जरा गप्प बसले की तुम्हाला वाटतं, काहीतरी बिनसलंय!"

बसमध्ये हशा पिकला. मासळी विकणाऱ्या चिबाकाकू टोपली सावरत उठल्या. "चला, उतरा सगळे! ड्रायव्हरसाहेब, वाळू आम्ही टाकतो. तुम्ही नुसते कान बंद ठेवा."

बर्फासाठी रस्त्याकडेला ठेवलेल्या पेटीतली वाळू चाकांपुढे पडली. कुमागाईंनी हळूच ब्रेक सोडला. बस गुपचूप चढून गेली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी डेपोत शोजीसाहेबांनी विचारलं, "काय, घसरली का?"

नाही म्हणणं सोपं होतं. उतारूंपैकी कुणीही चुगली केली नसती. सुमिएचा खोकला आठवून कुमागाईंना तो मोह झालाही.

"घसरली, साहेब. वीतभर. पण त्यात टायरचा दोष नाही, ब्रेक मी चुकीचा मारला. कानाला सवय नव्हती. ठपका ठेवायचा तर माझ्यावर ठेवा."

शोजीसाहेबांनी वर्कशॉपला फोन लावला. "उद्या बाकीच्या बसचेही टायर बदला. आणि सगळ्या ड्रायव्हरांना आधी एक फेरी कुमागाईंच्या शेजारी बसवा. आवाजाशिवाय गाडी हाकायला शिकू देत."

कुमागाईंना हायसं वाटलं. टोपी काढून ते कमरेत वाकले. मान वर करायला त्यांना जरा वेळच लागला.