कुंभारणीचं घर

साकोलीच्या पलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत, मुरूम दाबून केलेली एक आखूड धावपट्टी होती. धानावर तुडतुडे पडले की एका खाजगी कंपनीचं फवारणीचं विमान तिथं येऊन मुक्काम ठोकायचं. विमान म्हणजे काय, तर बसायला एकच जागा, पुढ्यात औषधाची टाकी आणि नाकावर एक जुनाट पंखा. मंत्रीसंत्री ज्यात बसतात तसलं काही नव्हे. पण सन ऐंशीच्या दिवाळीआधी ते चालवायला जो आला होता तो भोजराज इथलाच, कारध्याचा, वैनगंगेत पोहून मोठा झालेला. त्यामुळे ते डबडं आभाळात दिसलं की बांधावरची माणसं विळे खाली ठेवून वर बघत आणि आपलाच पोरगा उडतोय असं समाधान मानत.

भोजराजचं चित्त मात्र आभाळात नव्हतं. त्याची बायको चंद्रकांता कारध्याला सातव्या महिन्यात होती. आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोटातच सगळं आटोपलं होतं. दुसऱ्या खेपेनंतर ती महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. आता तिसऱ्यांदा तसं झालं तर ती हातची जाईल, ही धास्ती त्याला जेवताना, झोपताना, उडताना, कधीच सोडत नव्हती.

अशात एका संध्याकाळी सुखराम हातात काटकी घेऊन पंखाखाली वाकलेला दिसला. सुखराम जवळच्या गावचा, धानाच्या चार बांध्या कसणारा लहान शेतकरी; फवारणीच्या दिवसांत टाकी भरायला आणि विमान पुसायला येई. पंखाच्या तिरप्या दांडीला मातीचा एक गोळा चिकटला होता.

"साहेब, कुंभारणीनं घर केलं पाहा. काढून टाकू?"

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, ओली माती आणून घर लिंपणारी. ती घरात घर करते तेव्हा त्या घरी पाळणा हलतो, असं सगळ्या मुलखात मानतात, आणि घरात गरोदर बाई असली तर ते मातीचं घर कुणी मोडत नाही. भोजराजला हे ठाऊक होतं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्याच्या बापानं देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले होते आणि तेव्हापासून त्या घरात कुणी गंडा बांधला नव्हता की कौल लावला नव्हता. असल्या गोष्टींना हसायचं हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

"राहू दे," तो म्हणाला.

सुखरामनं वर पाहिलं आणि त्याच्या सगळं ध्यानात आलं. "बाईले दिवस हायेत का साहेब? मंग नाही मोडत. मोडू नोये." आणि त्यानं काटकी टाकून दिली.

त्या गोळ्यापासून वीतभर अंतरावर पंखाखाली बोटाएवढी एक नळी होती. समोरचा वारा तिच्यात शिरतो आणि त्या दाबावर चालकापुढचा वेगाचा काटा हलतो. भोजराजनं नळीच्या तोंडाशी डोळा नेऊन पाहिलं. तोंड मोकळं दिसलं. आत तार घालून पाहायला हवी होती. एरवी त्यानं पाहिलीही असती. पण तार घालायची म्हणजे त्या गोळ्याला धक्का लागणार. त्यानं स्वतःची समजूत घातली की दांडीवरची माती दांडीवर आहे आणि नळीची गोष्ट वेगळी. शिकल्यासवरल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो उडाला तेव्हा आभाळ निवळ होतं. काटा जरा सुस्त हलला, पण हलला. टाकीभर औषध फवारून तो वळला आणि पाहतो तर खाली मुलूखच नव्हता. सूर्य वर आला की तळ्याबोड्यांवरून धुकं उठतं, ते त्या दिवशी दुधासारखं उतू गेलं होतं. नागझिऱ्याच्या डोंगरांची माथी तेवढी वर होती. औषध जास्त मावावं म्हणून पेट्रोल नेहमी बेताचंच भरत. नागपूर गाठण्याएवढं ते नव्हतं.

असा प्रसंग आधी दोनदा आला होता आणि त्याची रीत ठरलेली होती. पट्टीच्या अलीकडच्या टोकाला जुनं टायर पेटवायचं. त्याचा काळा धूर धुक्यातून वर येतो. पलीकडच्या टोकाला मधोमध सुखरामनं पेटता टेंभा धरून उभं राहायचं. धुरावरून खाली शिरायचं, टेंभा दिसला की नाक त्याच्या रेषेत धरायचं आणि त्याच्या बरंच अलीकडे थांबायचं.

धूर दिसला. भोजराजनं इंजिन हळू करून नाक खाली घातलं आणि पांढऱ्यात शिरला. काचेवरून पाणी ओघळू लागलं. वेगाचा काटा खाली येऊ लागला. नव्वद, ऐंशी, सत्तर. इतक्या कमी वेगाला हे विमान हवेत तरंगत नाही, दगडासारखं पडतं. त्यानं घाईनं नाक आणखी दाबलं, इंजिनला जोर दिला, तरी काटा खालीच. आणि एकाएकी मोहाचं झाड समोर आलं. दांडा पोटाशी ओढून तो कसाबसा वर निघाला. वर चढताना विमानाचा वेग कमी होतो, हे शेंबड्या पोरालाही कळेल. काटा मात्र चढत होता.

तेव्हा त्याला उमगलं. नळी बुजली होती. आत कोंडलेली हवा आता उंचीप्रमाणे फुगत-आकसत होती, आणि काटा वेग म्हणून भलतंच काही सांगत होता. कशानं बुजली हेही त्याला त्याच क्षणी कळलं. कुंभारणीनं आतही घर घातलं होतं आणि धुक्याच्या ओलीनं ती माती फुगली होती.

पण माणूस हुशार होता, त्यानं हातपाय गाळले नाहीत. खिशातला रुमाल काढून त्यानं त्या काट्यावर खोचला, म्हणजे डोळा तिकडे जायला नको. इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ ठीक होतं. इतके फेरे आणि नाक इतकं खाली, म्हणजे वेग साधारण इतका, हा हिशेब त्याच्या हाताला पाठ होता. बाकी वाऱ्याचा आवाज. तो कान देऊन दुसऱ्यांदा धुरावर आला.

हाताचा हिशेब बरोबर होता. भीतीनं तो बिघडवला. वेग कमी पडला तर मरण, या विचारानं तो फेरे थोडे चढेच ठेवत गेला, थोडे, आणखी थोडे. टायरचा जाळ खालून सर्रकन गेला आणि विमान काही टेकेना. मुरमावरून ते तरंगत राहिलं. टेकलं तेव्हा निम्म्याहून जास्त पट्टी मागे गेली होती. त्यानं ब्रेक दाबले. दवानं भिजलेल्या मुरमावर चाकं नुसती घसरली.

समोर टेंभा दिसला. सुखराम सांगितल्या जागी, मधोमध उभा होता. धुक्यात आवाज सगळीकडून येतो. तो मान वळवून भलतीकडेच पाहत होता, आणि टेंभा मात्र त्यानं उंच धरला होता, साहेबाला नीट दिसावा म्हणून. भोजराजनं सगळं बळ एका पायात आणून सुकाणूचं पायडल दाबलं. विमान वळलं. पंखाचं टोक सुखरामच्या छातीवर बसलं.

साकोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. भोजराजला खरचटलंही नव्हतं.

चौकशीला अधिकारी आले. त्यांनी नळी काढून आपटली तेव्हा चिखल पडला आणि चिखलात कुंभारणीनं पिल्लांसाठी साठवलेले कोळी. कंपनीचे मॅनेजर केशवराव भोजराजला बाजूला घेऊन म्हणाले, "नळी साफ करायचं काम सुखरामचंच होतं, एवढंच सांगा. मेलेल्याचं काय जातं? तुमची सगळी उमर बाकी आहे."

भोजराजनं खरं ते सांगितलं. यात शूरपणा नव्हता. खोटं बोलून जगता येईल असं त्याला वाटेनासं झालं होतं, एवढंच. त्याचा परवाना गेला.

मग तो सुखरामच्या घरी गेला. सुखरामची बायको धुरपता ओसरीवर बसली होती. तिनं त्याला बसायला सांगितलं नाही.

"त्यायनं ते काढतो म्हटलं होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग काहून नाही काढू देल्लं?"

भोजराजनं सांगितलं. चंद्रकांताचं, आधीच्या दोन खेपांचं, सगळं. सांगताना त्याला स्वतःची लाज वाटत होती.

धुरपतानं एवढंच विचारलं.

"कितवा महिना?"

"आठवा लागला."

"पोरगा झाला तरी सांगाले या, पोरगी झाली तरी या," ती म्हणाली. "घेऊन या. पाहीन मी एकडाव. माहा माणूस कोणापायी गेला, हे मले मालूम असाले पायजे."

भोजराज हो म्हणाला आणि हमरस्त्यावर येऊन उभा राहिला. कारध्याकडे जाणारी बस आली; धुरपताला दिलेला शब्द चंद्रकांताला कसा सांगायचा ते ठरेना, म्हणून ती त्यानं जाऊ दिली. पुढची आली, तीही जाऊ दिली.