मालकांचं मोठं मन

फर्निचर पॉलिशवाल्याला एक खोड होती. नोकरी मागायला गेला की चहा पुढे यायच्या आत तो सगळं सांगून मोकळा व्हायचा. "विशीत असताना मी दुकान फोडलं होतं. शिक्षा भोगलीय. आता चहा द्यायचा की नाही, तुम्ही ठरवा." बहुतेक ठिकाणी चहा यायचाच नाही. बहीण कपाळावर हात मारून घ्यायची. "अरे, कोणी विचारल्याशिवाय कशाला बोलतोस? जरा तोंड मिटून बस की!" पण तोंड मिटूनही त्यानं एकदा पाहिलं होतं. कोणीतरी चुगली केली, आणि सगळ्या कारखान्यासमोर त्याची डब्याची पिशवी उलटी करून झडती झाली. ते पुन्हा नको होतं.

इकडे दाजींनी बजावलं होतं, या खेपेला काम नाही मिळालं तर अंथरूण दुसरीकडे हलवा. बहिणीच्या घरी तुकडे मोडणाऱ्याला दुसरं काय ऐकायला मिळणार?

म्हणून एका फर्निचरवाल्या मालकानं सगळं ऐकूनही चहा मागवला, तेव्हा याला अगदी भरून आलं. बावळटच! त्याला वाटलं, देवमाणूस भेटला.

देवमाणूस कसला, गावभर दवंडी पिटणारा भेटला होता. गिऱ्हाईक आलं की मालकांची हाक यायची. "ए, इकडे ये! हा बघा, तुरुंगातून आलेला. कोणी दारात उभं करत नव्हतं. मी म्हटलं, आपण नाही तर कोण?" गिऱ्हाईक हळहळायचं, मालकांच्या मोठ्या मनाचं कौतुक करायचं आणि हळूच आपली पर्स जवळ ओढून घ्यायचं. हा आपला रंगलेल्या हातात फडकं घेऊन उभा. आणि ते फडकं कशावर फिरायचं? हलक्या, पांढरट लाकडावर. रंगाचे हातावर हात देऊन त्याचं सागवान करायचं, असा मालकांचा हुकूम होता. "सगळेच करतात रे, त्यात काय एवढं!" ते हसून म्हणायचे. मन मोठं ना!

एके दिवशी एक बाई लेकीच्या नव्या घरासाठी जेवणाचं टेबल बघायला आल्या. सागवानच हवं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मालकांनी टेबलावर थाप मारली. "अस्सल आहे! नातवंडं जेवतील यावर." आणि मग ती नेहमीची हाक. "सांग रे बाईंना, आत कसं असतं ते. लाजू नकोस."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"आत एक रीत होती," तो म्हणाला. "नव्यानं आपला गुन्हा सांगितला की समोरच्यानंही आपला सांगायचा. एकट्यालाच उघडं पाडायचं नाही. चोर होते सगळे, पण एवढी लाज होती. मालक, माझं रोज सांगून होतं. आज तुम्ही सांगा."

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

मालकांचा चेहरा खाडकन उतरला. टेबलावरचा हात त्यांनी चटका बसल्यासारखा मागे घेतला. बाईंनी ते पाहिलं आणि वाकून टेबलाची खालची बाजू पाहिली. दिसत नाही तिथं रंग कशाला वाया घालवायचा, असं मालकांचंच म्हणणं असायचं. बाई पर्स उचलून तडक निघून गेल्या.

"कितीही पोसा, चोर तो चोरच!" मालक किंचाळले. "चालता हो!"

डब्याची पिशवी त्यानं स्वतःच दारात उलटी करून दाखवली. "बघून घ्या. मागाहून बोंब नको."

घरी दाजींनी शनिवारपर्यंतची मुदत दिली.

शुक्रवारी तो दुसऱ्या फर्निचरवाल्याकडे गेला. हे मालक गोड बोलणारे होते. चहा यायच्या आत हा म्हणाला, "दोन गोष्टी सांगायच्यात. विशीत दुकान फोडलं होतं, शिक्षा भोगलीय."

"असू दे हो, जुनी गोष्ट ती! माणसाच्या हातून होतात चुका." मालकांनी आत वळून चहा सांगितला. "आणि दुसरी?"

"हलकं लाकूड रंगवून सागवान म्हणून विकायचं असेल, तर त्याला मी हात लावणार नाही."

मालकांनी त्याला पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत नीट निरखलं. मग पुन्हा आत वळून म्हणाले, "चहा राहू दे."