दवातली पावलं

गोल्फ क्लबच्या फाटकावर पहारेकऱ्याने तिला हटकलं. "कामावरच्या बायकांनी मागच्या दाराने यायचं."

शाळेत गणित शिकवणाऱ्या त्या बाईने खांद्यावरची काठ्यांची पिशवी त्याच्यापुढे धरली, तेव्हा कुठे फाटक उघडलं. क्लबच्या स्पर्धेत काळ्या कातडीचं माणूस उतरण्याची ही पहिलीच खेप. तिचे आजोबा याच मैदानावर तीस वर्षं गोऱ्या साहेबांच्या पिशव्या वाहत होते. चेंडू मारायची मात्र त्यांना मनाई होती. त्यांना जाऊनही आता वीस वर्षं झाली होती.

तिच्या जोडीला क्लबचा सर्वांत जुना सभासद होता. तो गोड हसला. "तुम्हा लोकांचे पाय चपळ. हा खेळ मात्र डोक्याचा हो!"

"बरं झालं सांगितलंत. शाळेत मी पायांनीच गणितं सोडवते."

धुकं अजून रेंगाळत होतं. पहिले दोन डाव तिच्या हातून पार बिघडले. तिसऱ्या खळग्याभोवतीच्या हिरवळीवर ती थबकली. दवात कुणाच्या तरी अनवाणी पावलांचे ठसे होते. तिच्या चेंडूपासून निघून, डावीकडे वळसा घेत ते थेट खळग्यापर्यंत गेले होते. परतीचे ठसे नव्हते. तिच्या अंदाजाने चेंडू उजवीकडून मारायला हवा होता. तरी तिने ठशांच्या वाटेने चेंडू ढकलला. तो अलगद आत पडला.

चौथ्या हिरवळीवर ठसे तिच्या डोळ्यांदेखतच उमटू लागले. एकेक पाऊल, सावकाश.  डाव्या पावलाला करंगळी नव्हती, आजोबांच्या पायासारखीच.

"आजोबा..." ती पुटपुटली.

म्हाताऱ्या सभासदाचा चेहरा पांढराफटक पडला. "हिरवळ खराब होते म्हणून आम्ही त्याला बूट घालू देत नव्हतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "एकदा मी हरलो, त्या दिवशी रागाच्या भरात काठी हाणली. त्याच्या पायावर."

घरी मात्र आजोबांनी सगळ्यांना पायावर दगड पडल्याचं सांगितलं होतं.

ठसे आता खळग्याकडे वळलेच नाहीत. ते म्हाताऱ्यापाशी गेले आणि त्याच्या बुटांसमोर, टोकांना बोटं भिडवून थांबले. तो मागे सरकू पाहत होता, पण त्याचे पाय उचलेनात.

"त्याला जायला सांग ना!"

तिने स्वतःच्या अंदाजाने चेंडू मारला, खळग्यातून उचलला आणि एकटीच पुढच्या डावाला निघाली. त्या दिवशी ती तिसरी आली. ऊन चढून दव वाळलं, तेव्हा दोन माळ्यांनी म्हाताऱ्याला धरून आणलं. त्याचे पाय अनवाणी होते. बूट कुठे गेले, ते त्याला सांगता येईना.