आलेखातली ओहोटी

मेल्विनाच्या कानामागे ऐकायचं यंत्र बसलं आणि कान टवकारून बसली तिची आई, सिल्व्हिया. ओरोसच्या कचेरीत फाइली हलवताना तिचा अर्धा जीव फोनमध्ये असे. सहा वर्षांच्या पोरीने देवबागला यंत्र किती वेळ लावलं, ते सासूच्या फोनमार्फत अ‍ॅपवर दिसे. लावलं नाही तर बोलणं मागे पडेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. भिजलं तर संपलंच. संध्याकाळी घरी पोचल्यावर आधी फोन, मग पोर. वेळ कमी दिसला की तोंडाचा पट्टा सुरू.

या आठवड्यात रोज दुपारी आलेखात खिंडार पडत होतं. "निजता गो चेडू," सासू कोन्सेसांव म्हणाली, म्हणजे पोर झोपते तेव्हा यंत्र काढलेलं असतं. सुनेच्या तोंडाला तीही भ्यायची.

आज डबा खाताना सिल्व्हियाने सगळे दिवस एकाखाली एक लावून पाहिले. खिंडार रोज थोडं पुढे सरकत होतं. झोप अशी सरकत नाही. रोज थोडी उशिरा येते ती ओहोटी. देवबागच्या सुनेला हे कोणी शिकवायला नको.

ओहोटीला खाडी उघडी पडते, माणसं तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला उतरतात, आणि त्याच पाण्यात पर्यटकांच्या मोटरबोटी उधळतात. पोर यंत्र काढून तिथे जात होती. म्हणजे ठार बहिरी.

सासू फोन उचलेना. सिल्व्हियाने मिळेल ती एसटी धरली, मालवणहून रिक्षा. वाटभर तिने सायबिणीचा, मारियामातेचा, धावा केला आणि सासूला शिव्या घातल्या, दोन्ही मनातल्या मनात.

खाडीत मेल्विना गुडघाभर पाण्यात पाठमोरी वाकली होती. मागून बोट येत होती. काठावर कोन्सेसांव बोंब मारत होती. सिल्व्हियाही घसा फाटेस्तोवर ओरडली. सगळ्या काठाला ऐकू गेलं. जिला जायला हवं, तिला नाही. ती चपलांसकट पाण्यात धावली. बोटवाल्याने अगदी शेवटी बोट वळवली. लाटेने पोर आडवी झाली, तेवढ्यात आईने तिला दंडाला धरून उचललं.

मेल्विनाने बोट पाहिलीच नव्हती. तिला दिसलं ते आईचं पिसाळलेलं तोंड.

"मम्मी, मारू नको," ती हुंदके देत म्हणाली. "मिया मशीन भिजवूक नाय. आजयेकडे सुका आसा."

सिल्व्हियाने तिला छातीशी धरलं. "मारूचंय नाय गो, कधीच मारूचंय नाय," ती म्हणत राहिली. मेल्विनाला ते ऐकू जात नव्हतं. मार चुकवायला ती अंग चोरून उभी होती.