बदकाचं बारसं

इथाका बेटावरच्या पिनेलोपीआजीच्या नातीचं नाव अखेर 'पापिया' पडलं. पापिया म्हणजे बदक. अर्थात असं काही घडलेलंच नाही, आणि गावात कोणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगायचं.

पहिल्या नातीला आजीचं नाव ठेवायचं, असा रिवाज. आपलं नाव पुढे चालावं, एवढीच आजीची इच्छा होती. ओडिसियसची वाट बघत माग चालवणाऱ्या राणीचं नाव ते! "पिनी म्हणजे धागा. पिनेलोपी म्हणजे विणकरीण," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. तिला स्वतःला साधं बटण लावता येत नसे.

बाप्तिस्म्याच्या सकाळी सून मिर्तो म्हणाली, "आई, या नावाचं दुसरंही मूळ सांगतात हं. पिनेलोप्स नावाचं एक बदक होतं म्हणे."

"बदक असेल तुझ्या माहेरचं!" आजी कडाडली.

चर्चपर्यंतचा सगळा रस्ता याच भांडणात सरला. चर्चमध्ये बाळाचं नाव सांगायचा मान धर्मपिता फोतिसचा; तो बाळाला कडेवर घेऊन दोघींच्या मधून चालत होता. बिचाऱ्याच्या दोन्ही कानांत बदकच बदक.

"बाळाचं नाव?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"पापिया," फोतिस म्हणाला.

पाद्रीबुवांना एरवी ऐकू येत नाही, पण नेमकं हे आलं. त्यांनी त्याच नावाने बाळाला तीनदा बुचकळलं. बाळ पाण्यात मजेत पाय मारत राहिलं, ते आजीला जास्त लागलं.

घरी येताच तिने बिशपांना अर्ज लिहिला: "सबब सदर तिन्ही बुचकळ्या ही साधी आंघोळ समजण्यात यावी, व साबण का लावला नाही याचा पाद्रीबुवांकडून लेखी खुलासा मागवावा, ही नम्र विनंती."