हात सुटला की थांबणारी गाडी

दुकानात पाय टाकल्या टाकल्या ताईने काउंटरमागच्या मुलीला बजावलं, "साधी, छोटी, हळू चालणारी दाखव. आणि रिमोट पोरीच्या हातात राहणार, याच्या नाही."

"याच्या" म्हणजे माझ्या. मी तिचा धाकटा भाऊ. केस पिकले, बस चालवण्यात अर्धं आयुष्य गेलं, आणि आता मोठ्या बहिणीच्या शेजारी शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा होतो. माझी मुलगी माझं बोट धरून उभी होती. तिला घरात सगळे भोंगा म्हणतात. जन्मल्यावर तिने जो सूर लावला तो ऐकून हे नाव मीच ठेवलं होतं, आणि तिने ते आजवर निभावलं आहे.

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी आगारात बस धुवायला लावताना मला फीट आली. आयुष्यातली पहिली. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ताठ राहिला आणि बस समोरच्या भिंतीत घुसली. बस रिकामी होती, भिंतीपलीकडेही कोणी नव्हतं. पण लायसन गेलं. मला उचलून हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. आता मी दिवसभर लोकांना त्यांच्या छत्र्या परत करतो आणि एकाच पायातला बूट बसमध्ये विसरून माणूस घरी कसा जातो याचा विचार करतो.

ताई आठ दिवस मदतीला म्हणून आली ती राहिलीच. ती मला तळहाताच्या फोडासारखं जपते, आणि फोडाला कसं वाटत असेल ते मला विचारा. तिने माझी सायकल विकायला काढली. न्हाणीघराची कडी काढून टाकली. गॅस पेटवायची बंदी केली. हे सगळं मी मुकाट्याने गिळलं. मग एक दिवस तिने नियम केला की भोंग्याला माझ्यासोबत एकटं सोडायचं नाही. कायम कोणीतरी तिसरं हवं. ते मात्र माझ्या घशाखाली उतरेना. माझ्याच पोरीला घेऊन मी कोपऱ्यापर्यंत जाऊ शकत नाही? मी काय वाघ आहे?

बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. ती कमी बोलते, पण बोलली की विषय संपतो. ती म्हणाली, "दोघांना जोडीने करता येईल असं काहीतरी शोधा. आधी खाली आवारात आमच्यासमोर करा. मग एका रविवारी दोघंच मैदानावर जा. नीट पार पडलं तर हा नियम मोडू."

"आणि काही झालं तर?" ताईने विचारलं.

"तर नियम राहील."

भोंग्याने रिमोटची गाडी मागितली. म्हणून आम्ही या दुकानात आलो होतो आणि तिसरं माणूस म्हणून ताई आली होती.

काउंटरमागची मुलगी भली होती. तिने आधी तळहाताएवढी गाडी काढली, घरातल्या फरशीवर चालणारी. "ही मैदानावर गवतात अडकेल," मी म्हणालो. मग तिने गुळगुळीत टायरांची, घसरत वळणारी एक काढली. दिसायला नुसती नवरी! पण पोट जमिनीला टेकलेलं, खडा आला की संपलं. मग दगडांवर चढणारी आली, ती इतकी हळू की भोंग्याने जांभई दिली. मग एक पेट्रोलवरची, तिचा वेग ऐकून ताईने पर्स छातीशी धरली.

"काका, तुम्ही दोघं नवीनच ना?" मुलगी म्हणाली. "मग ही बघा." तिने खालच्या फळीवरून एक ट्रक काढला. जाड टायर, उंच पोट, चारही चाकांना ताकद, बॅटरीवर चालणारा. धूळ, गवत, खडी, थोडं पाणी, सगळीकडे जाणारा. रिमोटवर एक छोटं बटण होतं, ते दाबलं की वेग निम्मा. आणि मोडला तर प्रत्येक सुटा भाग दुकानात मिळतो, म्हणाली. मी तो उलटा करून पाहिला. स्प्रिंगा दाबल्या, चाकं हलवली. बावीस प्रवासी बसवावेत असा भक्कम होता. पण मला एकच गोष्ट विचारायची होती.

"चालता चालता हात सुटला तर?"

तिला प्रश्न कळला नाही. ताईला कळला, तिने खाली पाहिलं.

"म्हणजे, चालवणाऱ्याचं भान गेलं तर गाडी काय करते?"

"वेगाचा ट्रिगर सोडला की तो आपोआप मागे येतो," मुलगी म्हणाली. "आणि गाडी थांबते."

हात सुटला की थांबते! तिथेच मी ठरवलं, हीच.

दुकानाच्या मागच्या अंगणात तिने ती चालवून पाहायला दिली. ताई "आधी पोरगी, आधी पोरगी" करत होती, पण मी रिमोट हातात घेतला होता. जाताना गाडी झकास गेली. वळून माझ्याकडे यायला लागली आणि घोटाळा झाला. गाडीचं तोंड आपल्याकडे असलं की तिची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. मी सवयीने रिमोटवरचं चाक फिरवलं, ती भलतीकडे वळली. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. पायाने. अंगणाच्या फरशीवर पाय रोवून मी नसलेला ब्रेक दाबत होतो आणि ट्रक सरळ जाऊन ताईच्या घोट्यावर आदळला.

"बघितलंस?" ताई एका पायावर नाचत म्हणाली. "बघितलंस ना?"

भोंगा हसून हसून खाली बसली होती. मग उठून तिने रिमोट घेतला आणि दोन फेऱ्या मारून गाडी माझ्या पायाशी आणून उभी केली. तिला कुठे जुन्या सवयी होत्या? मी मात्र त्या संध्याकाळी आवारात कुंडीला, जिन्याला आणि शेजारच्या मांजराला धडका दिल्या. मांजर आजही मला पाहून मार्ग बदलतं.

उपाय भोंग्यानेच काढला. "बाबा, तुला बस मागे घेताना दिसायचं नाही, तेव्हा काय करायचास?"

"कंडक्टर खाली उतरायचा. मागे उभा राहून हात दाखवायचा. मी त्याच्या हातावर चालायचो."

"मग मी उतरते," ती म्हणाली.

ताईने विकायला काढलेल्या सायकलची घंटी तिने पान्याने सोडवली आणि खिशात घातली. ती आवाराच्या पलीकडच्या टोकाला उभी राहायची. गाडी माझ्याकडे यायला लागली की हाताने बाजू दाखवायची. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. मग आम्ही जागा बदलायचो, ती ड्रायव्हर, मी कंडक्टर. आगाराची शिस्तही मी तिला लावली. निघण्याआधी तपासणी: बॅटरी, टायर, फोन, बाबाच्या गोळ्या. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट, नाहीतर गाडी भरकटते. आणि फीट आली तर काय करायचं, तेही मी तिला जमिनीवर आडवं पडून शिकवलं. ताई म्हणाली, पोरीच्या मनावर परिणाम होईल. मी म्हणालो, न सांगितल्याचा जास्त होईल.

रविवारी आम्ही तिच्या नाकावर टिच्चून निघालो. ताई खिडकीत उभी. मी मागे वळून पाहिलं नाही, पण पाठीला तिची नजर टोचत होती.

मैदान सकाळचं मोकळं होतं. कडेला बाकं, एका बाजूला नाला. निम्म्या वेगाचं बटण आम्ही बंद केलं. ट्रकने काय धूळ उडवली! चढावरून उडी मारली, उलटा पडला, भोंग्याने सरळ केला, पुन्हा पळाला. कित्येक महिन्यांनी माझ्या हाताखाली काहीतरी धावत होतं. मी आनंदाने ओरडत होतो, सरळच सांगतो. बाकावरचा एक म्हातारा वर्तमानपत्र बाजूला ठेवून बघत बसला होता.

मग मला जळक्या रबराचा वास आला. वास गाडीचा नव्हता. हा वास मला ठाऊक होता, आगारात बस भिंतीत घुसण्याआधीही हाच आला होता.

पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी कुशीवर होतो, डोक्याखाली भोंग्याचा स्वेटर, आणि भोवती माणसांचे पाय. म्हातारा पाण्याची बाटली घेऊन वाकला होता आणि माझी पोर त्याच्या अंगावर खेकसत होती, "तोंडात पाणी घालू नका! मागे सरका, हवा येऊ द्या!" भोंगा नाव ठेवल्याचं त्या दिवशी सार्थक झालं. तिचा एक हात माझ्या पाठीवर होता. तो तिने उचलला नाही.

"बाबा, तुला फीट आली होती," ती कानाशी म्हणाली. "आता संपली. आईला फोन केलाय."

मी मान वळवून नाल्याकडे पाहिलं. ट्रक काठाच्या अलीकडे उभा होता. सरळ, चारही चाकांवर.

घरी आल्यावर ताईने आधी रडून घेतलं. मग डोळे पुसून तिने ट्रक उचलला, कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि दार लावलं. "संपलं," ती म्हणाली. "ठरल्याप्रमाणे. काही झालं तर नियम राहील, असंच ठरलं होतं." तिने बायकोकडे पाहिलं. बायको धुलाईखान्यातून धावत आली होती, अंगावर कामाचा एप्रन तसाच.

मला बोलायचं होतं, पण फीट येऊन गेली की जीभ जड होते. वर बोलून काय सांगणार होतो? शब्द दिला होता आणि ठरलं होतं ते झालं होतं. माझी पोर माझ्यापासून पुन्हा काढून घेतली जात होती आणि मी उशीला टेकून नुसता बघत होतो.

भोंगा कपाटासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, गाडी कुठे होती विचार."

"मला नाही ऐकायचं."

"नाल्याच्या अलीकडे. बाबाचा हात सुटला आणि गाडी थांबली. म्हणून तर त्याने तीच घेतली. आणि मी बाबाला कुशीवर केलं, फोन केला, आजोबांना पाणी घालू दिलं नाही. सगळं झाल्यावर आधी गाडी बंद केली, मग रिमोट. काय चुकलं ते सांग."

"अगं, तू लहान आहेस. तुझ्यासोबत काही भलतंसलतं झालं असतं तर? तू त्याच्या भरवशावर गेली होतीस."

"नव्हते गेले," भोंगा म्हणाली, आणि तिचा आवाज असा चढला की खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. "मी प्रवासी नव्हते, आत्या. मी कंडक्टर होते!"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

बायको उठली. एप्रन काढून खुर्चीवर टाकला. तिने कपाट उघडलं, ट्रक खाली घेतला, त्याच्या पोटातली बॅटरी काढली आणि खिडकीजवळ चार्जिंगला लावली.

"पुढच्या रविवारी तुम्हीही जा, ताई," ती म्हणाली. "बघायला. राखण करायला नाही."

भोंग्याने खिशातून घंटी काढली आणि ताईच्या नाकासमोर दोनदा वाजवली.