स्टिल्लेने उगवलेला सूड

मी एक जुना शब्द आहे. नॉर्वेच्या डोंगरांत मला 'स्टिल्ले' म्हणतात, म्हणजे शांत, निवांत. पण मित्रांनो, मी जन्मलो तेव्हा माझा अर्थ एवढाच होता: जागच्या जागी उभा असलेला. तिकडे तबेल्याला 'स्टाल' म्हणतात, तो माझा भाऊबंद. तुमचा 'स्थळ' माझ्या लांबच्या भावकीतला. पुढे लोकांच्या ध्यानात आले, की हलणे थांबले की गलकाही थांबतो. मग वारा पडलेल्या पाण्याला आणि निजलेल्या बाळाला मी चिकटलो. आया मला अगदी हळू उच्चारत. माझे सुखाचे दिवस ते.

मग मी तार्येई नावाच्या शेतकऱ्याच्या तोंडी पडलो. जेवून आडवा झाला की त्याला माशीही खपत नसे. बायकोने, गुन्वोरने, तोंड उघडले की तो मला दगडासारखा तिच्यावर भिरकावी. "स्टिल्ले!" अशी बारा वर्षे गेली. ती डोंगरावरच्या कुरणात गुरे राखी आणि सुरेल हाक घालून त्यांना बोलावी. एका उन्हाळ्यात त्याने तीही बंद केली.

"हंबरतेस काय गुरांसारखी? शेजारी हसतात. यापुढं गुरं मी आणीन."

त्या दिवशी मी डूख धरला.

गुरे खाली आणायच्या दिवशी धुके उतरले. नऊ गाई कड्याच्या टोकाशी अडकल्या. ओरडून ओरडून तार्येईचा घसा बसला, पण गाई ओळखतात ती पोसणारीची हाक.

शेजारीण सिग्री धावत आली. "अगं गुन्वोर, हाक घाल! दरीत जातील ना!"

गुन्वोरचा जीव तुटत होता, तरी तिने ओठ मिटले. मी तिथेच ठाण मांडले. मला तार्येईचा चेहरा बघायचा होता.

तो टोपी हातात घेऊन आला. "हाक घाल ना गं."

"मोठ्यानं बोल. सिग्रीला ऐकू नाही आलं."

"हाक घाल! चुकलं माझं!"

"अजून एकदा. गाईंनाही कळू दे."

बसलेल्या घशाने तो पुन्हा ओरडला. मला फार गोड वाटले, खोटे कशाला बोलू? मग मी बाजूला झालो. तिची हाक दरीभर घुमली, धुक्यात घंटा वाजल्या आणि आठ गाई आल्या.

नववी आली नाही. आमचा हट्ट चालला होता तेवढ्यात ती दरीत गेली होती. दाग्रोस. गुन्वोरने तिला वासरापासून वाढवले होते. ती गळा काढून रडली आणि तिला गप्प करायची तार्येईची छाती झाली नाही.

मित्रांनो, मला जपून वापरा. धाकाने मिळवलेली शांतता दबा धरून बसते, आणि उठते तेव्हा गाय कुणाची हे बघत नाही.